दुसरी परात

‘आई, सानूचे हलव्याचे दागिने तुमच्या हातचेच हवेत हं मला,’ पल्लवी म्हणाली, तेव्हा माझे दोन्ही हात परातीत होते.

हलवा करताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरातला नियम होता. खाली शेगडीत मंद कोळसे, वर परात, परातीत तीळ, खसखस, साबुदाणा. त्यावर चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांच्या पेरांनी दाणे फिरवत राहायचं. थांबलं की दाणे एकमेकांना चिकटतात, जोर लावला की काटा मोडतो. असं पाच-सहा दिवस, रोज सकाळी तीन-चार तास केलं, की कुठं हलव्याला काटा धरतो. साताऱ्यात तेव्हा माझ्या हलव्याच्या काट्याचं नाव होतं. नव्या सुनेची पहिली संक्रांत असो की बाळाचं बोरन्हाण, ‘खांबेटेकाकूंना सांगून ठेवा’ हे दसऱ्यापासूनच सुरू व्हायचं. मला त्याचा गर्व होता. गर्वच म्हणते, आता ऐंशीव्या वर्षी त्याला अभिमान वगैरे म्हणून काय मिळणार आहे?

‘ऐकलंत ना, आई?’

‘ऐकलं. हात परातीत आहेत, कान नाहीत.’

पल्लवी हसली. माझी ही सून कशालाच रागवायची नाही. भांडणाऱ्या सुनेशी कसं वागायचं ते सासूला बरोबर ठाऊक असतं. हसणाऱ्या सुनेचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

‘वृंदाताई ईशानला घेऊन येणारच आहेत कोल्हापूरहून. दोघांचं बोरन्हाण एकदमच करू या का? संक्रांतीनंतरच्या रविवारी. पाच वर्षांपर्यंत चालतं ना?’

‘चालतं.’

‘तिकडं सानूचं कुणी केलं नसणार. आपल्याकडची सगळी माणसं येतील, शेजारपाजार येईल. सगळ्यांसमोर आजीच्या हातचे दागिने घालून बसली पाहिजे ती.’

तिनं ‘सगळ्यांसमोर’वर जोर दिला नव्हता, पण मला तो ऐकू आला. पोरगी घरात येऊन सात महिने झाले होते. ही आमची, असं मी अजून चारचौघांत एकदाही म्हटलं नव्हतं, आणि ते पल्लवीच्या लक्षात आलं होतं. दागिने ती त्यासाठी मागत होती.

‘बघू,’ मी म्हणाले. ‘थंडी पडू दे चांगली.’

सानू तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावर, उंबऱ्याला टेकून बसलेली होती. साडेतीन वर्षांची, सावळी, बारीक मनगटांची पोर. मी हलवा करायला बसले की ती तिथं येऊन बसायची आणि परातीकडं बघत राहायची. आमच्या आळीतली बाकीची कार्टी नुसती उच्छाद मांडायची. पाठ वळली की मूठ भरून पळालीच. हिनं कधी एक दाणा मागितला नाही. कशालाच हात लावायची नाही, दिलं तर घ्यायची, नाही दिलं तर बघायची. पल्लवी म्हणायची, तिथं राहून तिला मागायची सवयच उरली नाहीये. मला मात्र वाटायचं, पोर पक्की आहे, शहाणी दिसायला बघते. साडेतीन वर्षांच्या मुलीबद्दल मी असं मनात आणत होते, हे आता लिहितानाही मान खाली जाते.

त्याचं असं झालं होतं. हेमंत आणि पल्लवीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, डॉक्टर झाले, नवस झाले, पाळणा हलला नाही. त्या नऊ वर्षांत दर गुरुवारी मी भजनी मंडळात टाळ वाजवत बसायची आणि दोन अभंगांच्या मधल्या वेळात बायका नातवंडं काढायच्या. हिच्या नातवाचं नाक आजोबांवर, तिच्या नातीचा आवाज आजेसासूसारखा. माझे यजमान जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. माझ्या मनानं घेतलं होतं की एक दिवस कुणीतरी माझ्या मांडीवर बाळ आणून ठेवेल आणि त्या तोंडावळ्यात मला हे दिसतील. आजी होणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच होतं. गेलेलं माणूस थोडंसं परत मिळणं.

मग मे महिन्यात दहा दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी झाल्या. कोल्हापूरला माझ्या वृंदाला मुलगा झाला. आणि हेमंत-पल्लवी पुण्याच्या एका संस्थेतून सानिकाला घेऊन आले. ‘एकाच महिन्यात दोनदा आजी झालात की हो!’ असं जो तो म्हणायचा. मी हसून मान डोलवायची आणि मनात म्हणायची, एकदाच.

ईशानचे कान थेट ह्यांचे होते. पाळ्या जरा बाहेर वळलेल्या. बारशाला मी ते कान पाहिले आणि न्हाणीघरात जाऊन पोटभर रडून आले. सानूच्या तोंडाकडं बघून मला कुणीच आठवायचं नाही. मी तिला कधी टाकून बोलले नाही, हे खरं. वेळेवर जेवू घातलं, वेण्या घातल्या, ताप आला तेव्हा उशाशी बसले. शेजारणीच्या मुलीचंही केलं असतं, तेच आणि तेवढंच.

त्या वर्षी डिसेंबराच्या शेवटी आभाळ भरून आलं. आठ दिवस ऊन नाही, हवेत ओल. अशा हवेत हलव्याला काटा धरत नाही. मी दोन घाणे वाया घालवले. दाणे गुळगुळीत राहिले, साबुदाण्याच्या गोळ्यांसारखे. शेवटी चार जानेवारीच्या सुमाराला हवा सुटली आणि एक घाणा असा उतरला की मीच बघत राहिले. पांढराशुभ्र, तारेसारखा काटा. पण तो पुरेसा नव्हता. बाहेरच्या तीन जणींना शब्द दिलेला होता. त्यांचं काढून उरलेल्यात एका मुलाचे दागिने होत होते, दोघांचे नव्हते.

बाहेरच्या एकीला नाही म्हटलं असतं तर ती चार दिवस तोंड फुगवून बसली असती, याहून जास्त काही झालं नसतं. किंवा उरलेला हलवा दोघांत वाटून दागिने जरा नाजूक करता आले असते. मला हे सुचलं नाही असं नाही.

मी स्टुलावर चढले आणि माळ्यावरून गेल्या वर्षीचा डबा काढला. उरलासुरला हलवा होता त्यात. वर्षभरात पिवळा पडलेला, काटा बोथट, हाताला जरा चिकट. तळाशी दोन-चार लाल मुंग्या होत्या. मी तो सुपात घेऊन पाखडला, गच्चीत उन्हात पसरला. मुंग्या गेल्या.

दागिने करायला मला चार दिवस लागले. एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत पकडायचा, मग पुढचा. ईशानला मुकुट, बासरी, हार, कडी. सानूला बिंदी, हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा. तिच्यासाठी मी सोनेरी कागद भरपूर वापरला, लाल टिकल्या चिकटवल्या, मधूनमधून मोती ओवले. हेतू हा, की हलव्याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये. पण पल्लवीचं गेलंच.

‘आई, हा जरा पिवळसर दिसतोय का हो?’

‘केशर घातलंय,’ मी म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. पल्लवीचा चेहरा फुलला. तिनं तो हार दोन्ही हातांवर धरला, आणि संध्याकाळपर्यंत हेमंतला, आपल्या आईला फोनवर, समोरच्या आपटेवहिनींना, सगळ्यांना सांगून झालं की आईंनी सानूच्या हलव्यात केशर घातलंय. ईशानच्यात नाही घातलं, सानूच्यात घातलं.

वृंदा शनिवारी दुपारी आली. ईशान आठ महिन्यांचा गुटगुटीत गोळा. घरात नुसती धांदल उडाली होती. अंगणात बोरं निवडायला घेतली, उसाचे करवे तोडले, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, गोळ्या, सगळं सुपात एकत्र कालवलं. संध्याकाळी मी दागिने नीट मांडून ठेवले. ईशान नुकताच झोपी गेला होता. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात ठाणकन आवाज झाला. सानूनं परात पाडली होती. पितळेची परात फरशीवर पडली म्हणजे काय होतं ते ज्याचं त्यानं ऐकावं. ईशान दचकून उठला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं.

‘भांड्यांशी खेळतात का गं?’ मी कडाडले. ‘बाळ झोपलंय, कळत नाही? ठेव तिथं. ठेव आधी!’

तिनं परात सोडली आणि हात पाठीमागं घेतले. पल्लवी धावत आली, ‘असू दे हो आई, लहान आहे,’ म्हणाली. मी परात उचलून भिंतीशी उभी केली आणि ईशानला थोपटायला गेले.

रविवारी दहाच्या सुमाराला माणसं जमली. आळीतल्या बायका, त्यांची पोरं, भजनी मंडळाच्या सहा-सात जणी. अंगणात सतरंजी, तिच्यावर दोन पाट, भोवती रांगोळी. पल्लवीनं स्वतःची पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा फाडून सानूला परकर-पोलकं शिवलं होतं. काळ्यावर बारीक बारीक चांदण्या. मी सानूला आतल्या खोलीत उभं करून दागिने चढवले. बिंदी बांधली, हार घातला, कमरपट्ट्याची गाठ मारली. ती श्वास रोखून उभी होती.

‘हे बघ,’ मी म्हणाले, ‘हे फार नाजूक असतात. हलायचं नाही. हललीस तर दाणे तुटतील, आणि आजीची सगळी मेहनत वाया जाईल. कळलं?’

तिनं मान हलवायला घेतली आणि मध्येच थांबवली. ‘कळलं,’ म्हणाली.

ईशाननं पाटावर बसता बसताच मुकुट ओढला. बासरी तोंडात घातली आणि तिचं एक टोक चावून खाल्लं. बायका हसून हसून बेजार झाल्या. वृंदा त्याला धरतेय, तो हार तोडतोय, पांढरेशुभ्र दाणे सतरंजीवर घरंगळतायत. ‘बघा, आजीच्या हलव्याची चव कळली लब्बाडाला,’ कुणीतरी म्हणालं. मी नुसती कौतुकानं बघत होते. चार दिवसांचं काम पाच मिनिटांत मोडलं, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

शेजारच्या पाटावर सानू ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर, मान सरळ. औक्षण झालं. आधी पल्लवीनं, मग वृंदानं आत्या म्हणून, मग मी, मग एकेक करून बाकीच्या. मग सुपातून बोरं डोक्यावर ओतली. पोरं ओरडत तुटून पडली. सानू हलली नाही.

‘काय गुणाची पोर हो,’ आपटेवहिनी म्हणाल्या. ‘आमची असती तर एव्हाना सगळं विस्कटून मोकळी झाली असती.’

‘डोळे बघा तिचे, भरून आलेत,’ भजनी मंडळातली एक म्हणाली. ‘हळवी आहे. कधी मिळालं नाही ना एवढं, बिचारीला.’

मी पाहिलं. डोळ्यांत खरंच पाणी होतं, खालचा ओठ दातांत धरला होता. हेमंत कॅमेरा घेऊन समोर उभा होता. मला वाटलं, चांगल्या कार्यात ही डोळ्यांतून पाणी काय काढतेय? लोक म्हणतील, दोघांत काही कमी-जास्त करतात की काय. मी औक्षणाचं तबक हलवायचं निमित्त करून तिच्याजवळ वाकले आणि कानात म्हणाले, ‘हस की जरा.’

ती हसली. हेमंतनं फोटो काढला.

पोरं बोरं वेचत होती. पल्लवी म्हणाली, ‘जा ना गं सानू, तू पण वेच की! ईशानसाठी पण आण.’

सानूनं तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. ‘आजी, आता हलू?’

‘हल की,’ मी म्हणाले.

ती उठून उभी राहिली आणि पल्लवीनं तिला जवळ घेतलं. मग पल्लवी एकदम किंचाळली.

हाराखाली गळ्याभोवती लालभडक कडं उठलं होतं. पोलक्याच्या गळ्यापाशी मुंग्या होत्या. बांगड्यांखाली मनगटांवर, बाजूबंदाखाली, बिंदीच्या कडेनं केसांत. कमरपट्टा काढला तर परकराच्या नेफ्यात तीसेक असतील. सोनेरी कागद आणि हलव्याच्या मधल्या फटींतून त्या अजून बाहेर येत होत्या. अर्धा तास ती पोर त्यांना अंगावर घेऊन बसली होती.

बायका पांगल्या, पुन्हा गोळा झाल्या, कुणी पाणी आणलं, कुणी खायचा सोडा. पल्लवीनं तिला न्हाणीघरात नेऊन उघडं केलं, गार पाणी घातलं, अंगभर सोडा लावला. मी दारात उभी होते.

‘बोलली का नाहीस गं माझ्या राणी?’ पल्लवी रडत विचारत होती. ‘सांगायचं नाही का आईला?’

मग पल्लवीला मी दिसले. माझं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक, पण तिनं रडता रडता मलाच समजावलं.

‘आई, तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. गोड म्हटलं की मुंग्या येणारच. त्यातून केशर घातलेलं. तुमची काय चूक?’

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं मी. ‘केशर नव्हतं, वर्षभराचा शिळा हलवा होता,’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

सानू टॉवेल गुंडाळून बाहेर आली. अंगभर पांढरे सोड्याचे पट्टे. पल्लवीनं काढून टाकलेला हार दाराशी पडला होता, तो तिनं उचलला, एका हातानं झटकला, आणि तो घेऊन माझ्यापाशी आली.

‘आजी,’ ती म्हणाली, ‘बघ. एकपण नाही तुटला.’

आत्तापर्यंत जे सांगितलं ते पल्लवीलाही माहीत आहे, केशर सोडून. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

हलवेवालीच्या घरात मुंग्यांचा बंदोबस्त ही पहिली गोष्ट असते. दागिने झाले की ते ताटात मांडायचे, मोठ्या परातीत पाणी भरायचं, त्यात वाटी पालथी घालून तिच्यावर ते ताट ठेवायचं. मुंग्या पाणी ओलांडत नाहीत. पस्तीस वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाच्या दागिन्यांना मुंगी लागली नव्हती. त्या शनिवारी संध्याकाळी मी ईशानचे दागिने असेच पाण्यात ठेवले. सानूचे पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवले. मी विसरले नव्हते. ‘जुनाच तर हलवा आहे,’ असा विचार करून, जाणूनबुजून ठेवले.

आणि तेव्हा सानू माझ्या मागं उभी होती. ‘माझे पण पाण्यात?’ तिनं विचारलं.

त्या आठ महिन्यांत तिनं माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी वळूनही न बघता म्हणाले, ‘परात भरली. जागा नाही.’

परातींना काय तोटा होता माझ्या घरात?

त्या दिवसानंतर मी एकदम बदलले, पोरीला पोटाशी धरलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पहिलं वर्षभर तर मी तिची नजर चुकवत होते. ती शेजारी येऊन बसली की मला गळ्याभोवतीचं ते कडं दिसायचं. पुढं हळूहळू झालं सगळं. शाळेचा डबा, पाढे, कांजिण्या, दहावी. कधीतरी मध्येच ती माझी झाली. नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही. अकरा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा परातीत हात घातला आणि माझ्या डोळ्यांदेखत हलव्याला काटा आणला. वृंदाला तो कधी जमला नाही, पल्लवीला नाही. भजनी मंडळात मी जाऊन सांगितलं, ‘आमच्या सानूचा हात माझ्यावर गेलाय.’ कुणी हसलं नाही. मीच वरमले.

ईशानचे कान मोठेपणी वडिलांसारखे झाले. तो भला मुलगा आहे, दिवाळीला फोन करतो.

तो फोटो मात्र आमच्या दिवाणखान्यात आजही आहे. पल्लवीनंच मोठा करून लावला. येणारा-जाणारा म्हणतो, ‘काय गोड हसलीये हो लहानपणी.’ तेवीस वर्षं मी त्या फोटोखालच्या खुर्चीवर बसत नाही. समोरच्या खुर्चीवर बसले तर तो दिसतो, म्हणून तिथंही नाही. घरातल्यांना वाटतं, मला खिडकीजवळची हवा आवडते.

गेल्या कार्तिकात सानूचं लग्न झालं. ती पुण्याला नोकरी करते, तिथलाच मुलगा आहे, हसतमुख. यंदा तिची पहिली संक्रांत. दसऱ्यालाच फोन आला होता, ‘आजी, दागिने तुझ्याच हातचे हवेत हं मला. लग्नाआधीच सांगून ठेवते. दुसऱ्या कुणाचे घालणार नाही.’

माझी बोटं आता वाकडी झालीत, सुई दिसत नाही. तरी दिवाळी झाल्यावर शेगडी काढली. रोज तासभर, जमेल तेवढं. तन्मणी, बांगड्या, बाजूबंद, झुमके, नथ, कमरपट्टा, जोडवीसुद्धा. दोन महिने लागले. झाले तसे ताटात मांडले आणि पाणी भरलेल्या परातीत ठेवले. दिवसातून चारदा मी पाणी बघायची. रात्री झोपताना एकदा. पल्लवी चेष्टा करायची, ‘आई, राजवाड्याला खंदक खणलाय जणू.’

संक्रांतीला सानू आली. काळी साडी नेसली आणि माझ्या खोलीत येऊन दागिने घालायला बसली. माझ्या बोटांना वेळ लागत होता म्हणून गाठी तीच मारत होती. मी एकेक नग पुढं करत होते. खोलीत आम्ही दोघीच. बाहेर पल्लवी आणि हेमंतचं फोटोसाठी जागा कुठली यावरून चाललं होतं.

मला वाटलं, आता नाही तर मग कधी?

‘सानू.’

‘अं?’

‘तुझ्या बोरन्हाणाला... घरात दुसरी परात होती गं.’

बाजूबंदाची गाठ मारता मारता तिची बोटं थांबली. ‘कुठली परात?’ असं ती विचारेल, मग मी पहिल्यापासून सगळं सांगेन, शिळा हलवा, केशर, सगळं, अशी मी मनाची तयारी केली होती. तिनं तसं विचारलंच नाही.

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मीच आणत होते ना ती. पडली हातातून.’

‘मला लहानपणचं एवढंच आठवतं, आजी,’ ती आरशात बघत गाठ पुरी करत म्हणाली. ‘मोठ्ठा आवाज झाला आणि तू ओरडलीस. बाकीचं सगळं आईनं सांगितलेलं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तेवीस वर्षं मी धरून चालले होते की पोर भांड्यांशी खेळत होती. मी ‘परात भरली, जागा नाही’ म्हणाले होते. तिनं ते खरं मानलं होतं, आणि दुसरी आणायला गेली होती. आपल्याहून जड परात साडेतीन वर्षांच्या हातांनी ओढत आणत होती, आणि मी तिला ती सोडायला लावून भिंतीशी उभी केली होती.

‘सानू, मी...’

‘आजी, नथ राहिली,’ ती म्हणाली. ‘दे ना.’

मी नथ दिली. तिनं ती घातली, उठली, आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर घेऊन आली. हेमंतनं आम्हाला नेमकं त्या जुन्या फोटोखाली उभं केलं. मी म्हणाले, मला नको, तुम्ही काढा. सानूनं हात सोडला नाही. हलव्याचा काटा माझ्या दंडाला टोचत होता. समोर हेमंत फोन धरून ‘आई, इकडं बघ, आई,’ करत होता आणि मला काही नीट दिसत नव्हतं.

सानू माझ्या कानाशी वाकली.

‘हस की जरा,’ ती म्हणाली.

मी हसले. फोटो चांगला आलाय म्हणतात सगळे. पल्लवी तोही मोठा करून लावणार आहे.